कॅसेटचा व्हिडिओ गेम परत येणार होता! वर्गणी मागणाऱ्या त्या पेटीत काय निघालं?

गेल्या महिन्यात आमच्या एका तरुण वाचकाने एक लिंक पाठवली. परदेशातली काही मंडळी जुन्या पद्धतीचा, कॅसेट घालून खेळायचा व्हिडिओ गेम नव्याने बनवत आहेत आणि त्यासाठी लोकांकडून आगाऊ पैसे जमा करत आहेत. "पैसे भरू का?" एवढाच त्याचा प्रश्न. रक्कम आपल्या रुपयांत वीस-बावीस हजारांच्या घरात. मुलगा नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं, घरी लहान बहिणीचं शिक्षण चालू. त्याच्यासाठी वीस हजार म्हणजे काय, हे आम्हाला वेगळं सांगायला नको.

ती मंडळी खरी की खोटी, हे इथे बसून आम्ही सांगू शकत नाही. पण अशाच एका पेटीची गोष्ट अमेरिकेत २०१५-१६ साली घडली, तिचा तपशील आम्हाला ठाऊक आहे. ती नीट समजली की पैसे भरावेत की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येईल. शिवाय हा प्रश्न फक्त गेमचा नाही. आपल्या मोबाइलवर रोज कोणती ना कोणती लिंक येते. कधी ऑपरेशनसाठी, कधी शाळेसाठी, कधी एखाद्या नव्या वस्तूसाठी. आपले लोक द्यायला मागेपुढे बघत नाहीत. म्हणूनच देण्याआधी आपण नेमकं कशासाठी देतोय, ते कळलेलं बरं.

आधी कॅसेट म्हणजे काय ते बघू

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना सांगायची गरज नाही. समुराई, मीडिया अशा नावांचे डबे बाजारात मिळायचे, टीव्हीला वायर जोडायची, वरून पिवळी किंवा काळी कॅसेट खोचायची, आणि मारिओ नाहीतर कॉन्ट्रा सुरू. चित्र आलं नाही की कॅसेट काढायची, खालून फुंकर मारायची, परत घालायची. आमच्या मोहल्ल्यात एका घरी हा डबा होता आणि सुट्टीत तिथे पाळी लावून बसावं लागायचं. ते सगळे डबे बहुतेक करून जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा कोण विचारतं असल्या गोष्टी.

आपण तिला कॅसेट म्हणतो, पण गाण्याच्या कॅसेटसारखी फीत तिच्यात नसते. आत एक छोटी हिरवी पट्टी असते आणि तिच्यावर चिप. कारखान्यातच त्या चिपमध्ये गेम कायमचा कोरलेला असतो; तो पुसता येत नाही, बदलता येत नाही. कॅसेट खोचली की पट्टीच्या कडेचे पितळी रंगाचे दात डब्यातल्या खाचेला टेकतात आणि डब्याचा मेंदू सरळ त्या चिपमधून वाचायला लागतो. कन्सोल म्हणतात तो हाच डबा, आणि कार्ट्रिज म्हणजे आपली कॅसेट.

घरगुती गेममध्ये ही सुटी, बदलता येणारी कॅसेट पहिल्यांदा आली १९७६ साली, फेअरचाइल्ड कंपनीच्या चॅनल एफ या कन्सोलमध्ये. त्या कामाचं नेतृत्व जेरी लॉसन नावाच्या एका कृष्णवर्णीय अमेरिकन अभियंत्याकडे होतं. दुसऱ्या वर्षी अटारीचं कन्सोल आलं, ते गाजलं, आणि लॉसन यांचं नाव बरीच वर्षं मागे पडलं.

आता या जुन्या गोष्टीची लोकांना पुन्हा ओढ का लागली? फक्त आठवणी हे त्याचं कारण नाही. आजचा गेम विकत घेतला तरी तो खऱ्या अर्थाने आपल्या हातात नसतो. आधी डाउनलोड करा, मग अपडेट करा, मग खातं उघडा, आणि उद्या कंपनीने सर्व्हर बंद केला की पैसे भरलेला गेमही गेला. कॅसेटचं तसं नाही. ती खोचा आणि खेळा. धाकट्या भावाला द्या, मित्राला उसनी द्या, कंटाळा आला तर विका. गेम बनवणाऱ्यालाही तो कॅसेटवर जाण्याआधी पूर्ण करूनच द्यावा लागतो, कारण नंतर दुरुस्ती पाठवायची सोय नसते. ही मागणी खरी आहे, आणि आमच्या मते रास्तसुद्धा आहे. म्हणूनच तिच्या नावावर पैसे गोळा करणंही सोपं जातं.

वर्गणी, भिशी, बयाणा... आणि क्राउडफंडिंग

क्राउडफंडिंगला सोपा शब्द लोकवर्गणी. पण आपल्याकडच्या वर्गणीत आणि यात फरक आहे. मिलाप, केटो यांसारख्या ठिकाणी आपण एखाद्या रुग्णासाठी पैसे देतो, ती मदत झाली. तिथे परत काही मिळायची अपेक्षा नसते. किकस्टार्टर (सुरुवात २००९) आणि इंडिगोगो (सुरुवात २००८) या अमेरिकी ठिकाणी वस्तू बनवणारा म्हणतो, "माझ्याकडे कल्पना आहे, भांडवल नाही. तुम्ही आज पैसे द्या, वस्तू तयार झाली की पहिली तुम्हाला." भिशी म्हणावी तर तीही नाही, कारण भिशीत पैसे फिरून आपल्याकडे येतात आणि चालवणारा आपल्याच गल्लीतला असतो. जवळचा शब्द शोधायचा तर बयाणा. पण कसा बयाणा? ज्या घराचा पायाही खोदलेला नाही, त्याची पूर्ण किंमत बयाणा म्हणून आजच मोजायची.

किकस्टार्टरचा नियम 'सगळं किंवा काहीच नाही' असा आहे. बनवणारा एक उद्दिष्ट ठरवतो. ठरल्या मुदतीत तेवढी रक्कम जमली तरच लोकांच्या कार्डावरून पैसे कापले जातात, नाही जमली तर कोणाचाच पैसा जात नाही. इंडिगोगोवर हाही पर्याय असतो आणि दुसराही, म्हणजे उद्दिष्ट गाठलं नाही तरी जेवढे जमले तेवढे बनवणाऱ्याने घ्यायचे. लिंक उघडली की यातला कोणता प्रकार आहे हे आधी बघा. बहुतेक जण बघत नाहीत.

आणखी एक. २०१२च्या सप्टेंबरमध्ये किकस्टार्टरने जाहीरच करून टाकलं की आम्ही दुकान नाही. त्याच वेळी नियम आला की यंत्र, उपकरण बनवणाऱ्याने संगणकावर काढलेलं चकचकीत चित्र दाखवून पैसे मागायचे नाहीत. खरोखर चालणारा नमुना दाखवायचा आणि तो आज जेवढं करतो तेवढंच दाखवायचं. हा नियम लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

रेट्रो व्हीजीएस

अमेरिकेत माइक केनेडी नावाचे गृहस्थ जुन्या गेमच्या शौकिनांत ओळखीचे होते. जुन्या गेमच्या लिलावाची एक वेबसाइट ते चालवत, शिवाय 'रेट्रो' नावाचं मासिक त्यांनी लोकवर्गणीतूनच उभं केलं होतं. म्हणजे माणूस नवखा नव्हता, लोकांचा त्यांच्यावर भरोसा होता. २०१५ साली त्यांनी जाहीर केलं की आपण कॅसेटवर चालणारं नवं कन्सोल काढणार, नाव रेट्रो व्हीजीएस. इंटरनेट नाही, अपडेट नाही, फक्त कॅसेट.

बाहेरच्या डब्याची सोय त्यांनी हुशारीने केली होती. अटारीचं जॅग्वार नावाचं कन्सोल १९९३ साली आलं आणि दोन-तीन वर्षांत बंद पडलं. त्याचे प्लास्टिक ओतायचे साचे पुढे एका कंपनीने घेतले आणि त्यातून चक्क दातांच्या डॉक्टरांच्या कॅमेऱ्याची पेटी काढली. ते साचे केनेडींनी विकत घेतले. प्लास्टिकच्या कामात असलेल्या वाचकांना याचं मोल कळेल. असा साचा नव्याने कोरायचा तर लाखो रुपये लागतात, आणि वस्तू थोड्या काढायच्या असतील तर तो खर्च डोक्यावर बसतो. तयार साचा हाती असणं म्हणजे मोठं ओझं उतरलं.

पण कवच तयार होतं, आतलं यंत्र नव्हतं.

आत काय घालायचं याची कल्पना मोठी होती. एफपीजीए नावाची एक चिप असते. साध्या चिपमधली जोडणी कारखान्यात ठरते ती कायमची. एफपीजीएमधली जोडणी आपण हवी तशी पुन्हा मांडू शकतो. म्हणजे तीच चिप आज एका जुन्या कन्सोलसारखी वागेल, उद्या दुसऱ्या. सॉफ्टवेअरने नक्कल करण्यापेक्षा हे जास्त अस्सल असतं. पण ही मांडणी करणं महाकठीण काम, जगात मोजकी माणसं ते नीट करतात. त्यातले एक केव्हिन हॉर्टन. सुरुवातीला त्यांच्याशीही बोलणं झालं होतं, पण ते जुळलं नाही. पुढे याच हॉर्टन यांच्या कामावर अॅनलॉग कंपनीची एनटी मिनी आणि सुपर एनटी ही कन्सोलं बाजारात आली आणि शौकिनांनी ती उचलून धरली. म्हणजे काम अशक्य नव्हतं.

सप्टेंबर २०१५मध्ये पैसे मागायला सुरुवात झाली. किकस्टार्टरवर चालता नमुना लागतो आणि तो तयार नव्हता, म्हणून मंडळी इंडिगोगोवर गेली. उद्दिष्ट साडेएकोणीस लाख डॉलर, त्या वेळच्या दराने साधारण पावणेतेरा कोटी रुपये. एका कन्सोलची किंमत ३०० डॉलरच्या आसपास. त्याच सुमारास नवं कोरं प्लेस्टेशन ४ जवळपास तेवढ्याच पैशांत मिळत होतं. लोकांनी विचारायला सुरुवात केली, नमुना कुठे आहे? उत्तरं आली ती लांबलचक, पण नमुना काही आला नाही. जमलेली रक्कम लाख डॉलरलाही पोचली नाही आणि मोहीम गुंडाळली गेली.

आमच्या मते इथे थांबले असते तर हरकत नव्हती. मोठं स्वप्न बघितलं, जमलं नाही, यात लाज कसली? पण ते थांबले नाहीत.

शॅमेलियन म्हणजे सरडा

दोन-अडीच महिन्यांनी तीच कल्पना नवं नाव घेऊन आली, कोलेको शॅमेलियन. कोलेको हे अमेरिकेत जुनं, वजनदार नाव. १९३२ साली कनेक्टिकटमध्ये चामड्याचा व्यापार करणारी कंपनी म्हणून तिची सुरुवात झाली. पुढे ती खेळण्यांत आली, १९८२मध्ये कोलेकोव्हिजन नावाचं कॅसेटवालं कन्सोल काढलं, कॅबेज पॅच बाहुल्यांनी बक्कळ पैसा मिळवला आणि १९८८मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यानंतर उरलं ते फक्त नाव, आणि त्या नावाचे हक्क दुसऱ्यांकडे गेले. केनेडींच्या मंडळींनी हे नाव वापरायचा परवाना घेतला. बघा, हे सगळीकडे चालतं. आपल्याकडेही बंद पडलेल्या रेडिओ कंपनीचं नाव नव्या मालावर लावून विकतात. नाव ओळखीचं दिसलं की गिऱ्हाईक आत काय आहे ते विचारत नाही.

फेब्रुवारी २०१६. न्यूयॉर्कमध्ये खेळण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे शॅमेलियन मांडण्यात आलं. या वेळी खरंच चालत होतं! पडद्यावर गेम दिसत होते, लोक हातात कंट्रोलर घेऊन खेळत होते. महिनाअखेरीला किकस्टार्टरवर पैसे मागायचे असं ठरलेलं.

पण जुन्या गेमचे शौकीन म्हणजे एकेक जण डोळ्यात तेल घालून बघणारा. अटारीएज नावाच्या त्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर प्रदर्शनातले फोटो मोठे करून बघितले गेले. डब्याच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी लावलेली. वायर खोचायची भोकं ज्या जागी, ज्या आकाराची, ती तंतोतंत निन्टेन्डोच्या सुपर एनईएस या जुन्या कन्सोलच्या छोट्या मॉडेलशी जुळत होती. म्हणजे जॅग्वारच्या कवचात निन्टेन्डोचं जुनं यंत्र बसवलेलं दिसत होतं. ज्याला नवीन शोध म्हणून दाखवलं, ते वीस वर्षांपूर्वीचं दुसऱ्याच कंपनीचं मशीन!

गवगवा झाला. मग मंडळींनी विश्वास बसावा म्हणून पारदर्शक कवचातला नमुना फोटोत दाखवला, आतलं सर्किट स्पष्ट दिसेल असा. काही तासांत कुणीतरी ते सर्किटही ओळखलं. संगणकात घालायचं, व्हिडिओ उतरवून घेण्यासाठी वापरतात ते जुनं कार्ड होतं ते, दुकानाच्या कॅमेऱ्यांचं चित्र साठवायला लावतात तसलं. गेमशी त्याचा काडीचा संबंध नाही. कवचात काहीतरी हिरवं दिसावं म्हणून ते ठेवलेलं.

किकस्टार्टरची मोहीम आधी पुढे ढकलली गेली होती, ती सुरू झालीच नाही. कोलेकोच्या हक्कदारांनी सांगितलं, तुमचा नमुना आम्हाला तपासू द्या. तो त्यांच्यासमोर आला नाही आणि मार्च २०१६मध्ये त्यांनी आपलं नाव काढून घेतलं. कथा संपली.

यात कोणी जाणूनबुजून काय केलं आणि कोण कोणाच्या भरोशावर राहून फसलं, याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. शॅमेलियनसाठी कोणाही सामान्य माणसाकडून एक डॉलरही घेतला गेला नाही. कोणत्या सरकारी खात्याने ते थांबवलं नाही, पोलिसांनी नाही, कोर्टाने नाही. थांबवलं ते फोटो मोठा करून बघणाऱ्या चार शौकिनांनी, पैसे भरण्याच्या आधी. त्या वेळी त्यांनाही बोल लावणारे होतेच: "तुम्ही नकारात्मक आहात, कुणाचं चांगलं बघवत नाही तुम्हाला." हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडेही कोणी वर्गणीचा हिशेब मागितला की हेच ऐकावं लागतं.

मग सगळेच असे असतात का?

नाही. इंग्लंडमधल्या स्पेक्ट्रम नेक्स्टचं उदाहरण घ्या. ऐंशीच्या दशकातल्या झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकाचा हा नवा अवतार, आतमध्ये तीच एफपीजीए चिप. २०१७मध्ये किकस्टार्टरवर अडीच लाख पौंड मागितले, सात लाखांहून जास्त जमले. जानेवारी २०१८मध्ये देऊ म्हणाले. बोर्ड त्याआधीच काही जणांना मिळाले, पण पूर्ण पेटी लोकांच्या हातात पडायला २०२० उजाडलं. दोन वर्षं उशीर! कीबोर्ड मनासारखा होईना, साच्यात अडचणी, डिझाइन करणारे रिक डिकिन्सन २०१८मध्ये वारले. पण काम करणारे वेळोवेळी काय अडलंय ते सांगत राहिले आणि शेवटी माल दिला. चांगला दिला.

त्याच स्पेक्ट्रमच्या नावावर दुसरी एक मोहीम झाली होती, व्हेगा प्लस नावाच्या हातात धरून खेळायच्या गेमची. २०१६मध्ये इंडिगोगोवर पाच लाख पौंडांहून अधिक जमा झाले. मग तारखांवर तारखा. संचालकांत भांडणं, कोर्टकचेरी. २०१८मध्ये थोड्या लोकांना माल मिळाला, तोही धड नव्हता. २०१९च्या सुरुवातीला कंपनीच बंद करण्यात आली. बाकीच्यांचे पैसे बुडाले ते बुडाले.

अन् ऊया तर प्रसिद्धच आहे. ते कॅसेटवालं नव्हतं, पण या धंद्यात त्याचा दाखला सगळे देतात. २०१२मध्ये साडेनऊ लाख डॉलर मागितले आणि ६३ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ८५ लाखांच्या वर दिले. वस्तू मिळाली, हे खरं. पण गेम पुरेसे आले नाहीत, विक्री झाली नाही, २०१५मध्ये दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतलं आणि २०१९च्या जूनमध्ये सर्व्हर बंद. डबा कपाटात पडून राहिला. म्हणजे फसवणूक न होताही पैसे वाया जाऊ शकतात.

उलट, एव्हरकेड बघा. ब्लेझ नावाच्या इंग्लंडमधल्या कंपनीने २०२०मध्ये बाजारात आणलेलं हे कन्सोल खरोखर कॅसेटवर चालतं, जुन्या कंपन्यांकडून रीतसर परवाना घेऊन एकेका कॅसेटवर बरेच गेम देतं. त्यासाठी त्यांनी लोकवर्गणी मागितली नाही. वस्तू बनवली, दुकानात ठेवली, ज्याला हवी त्याने घेतली.

पैसे जातात कुठे?

लोकांना वाटतं, चार कोटी जमले म्हणजे चार कोटी बनवणाऱ्याच्या खिशात. तसं नसतं. उदाहरणादाखल हिशेब मांडू, आकडे कल्पित आहेत. समजा २,००० लोकांनी प्रत्येकी २०,००० रुपये दिले, झाले चार कोटी. त्यातले पाच टक्के, म्हणजे २० लाख, किकस्टार्टर घेणार. कार्डाचे पैसे वळते करणारी कंपनी साधारण तीन ते पाच टक्के घेणार, आणखी १२ ते २० लाख. उरले तीन कोटी साठ-पासष्ट लाख. त्यातून साचे, सर्किटची आखणी, ती चुकली तर दुसरी आखणी, विजेच्या सुरक्षेच्या चाचण्या, खोकी, जगभर कुरिअर, खराब निघालेल्या मालाची बदली. आणि गेम? कॅसेट रिकामी विकता येत नाही. एकेक गेम बनवायला माणसं महिनोन्महिने बसतात, त्यांचा पगार कुठून येणार?

त्यात चिपचे भाव वाढले किंवा माणूस अर्ध्यात सोडून गेला की गणित फिसकटलं. प्रामाणिक माणूसही इथे अडकतो. मग तो पहिल्यांदा काय करतो, तर लोकांना सांगायचं टाळतो. तारीख महिन्याने पुढे, मग तीन महिन्यांनी पुढे, मग उत्तरच नाही. आमच्यातल्याच एकाने काही वर्षांपूर्वी एका छोट्या हातातल्या गेमसाठी सहा हजार रुपये भरले होते. पहिल्या वर्षी बनवणाऱ्याचे ईमेल दर आठवड्याला यायचे, दुसऱ्या वर्षी सणासुदीला शुभेच्छा यायच्या, तिसऱ्या वर्षी त्याही थांबल्या. सहा हजारांसाठी परदेशात दावा कोण लावणार? गप्प बसला.

आणि दाद कोणाकडे मागायची? किकस्टार्टरच्या अटींनुसार करार असतो तो पैसे देणारा आणि बनवणारा यांच्यात; किकस्टार्टर स्वतः मधे येत नाही, परतफेडीची हमी देत नाही. अमेरिकेत ग्राहकहित बघणारं फेडरल ट्रेड कमिशन आहे. त्याने क्राउडफंडिंगवर पहिली कारवाई केली तीच मुळी २०१५च्या जूनमध्ये, एका बोर्ड गेमच्या प्रकरणात. १,२४६ लोकांनी एक लाख बावीस हजार डॉलरच्या वर दिले होते आणि ते बनवणाऱ्याने घरभाड्यासारख्या स्वतःच्या गोष्टींवर उडवले असा आरोप होता. एक लाख अकरा हजारांच्या वसुलीचा हुकूम झाला, पण त्या माणसाकडे काहीच नसल्याने तो स्थगित ठेवला गेला. म्हणजे निकाल लागला, पैसा नाही आला. त्या गेमच्या लोकांचं नशीब एवढंच की दुसऱ्या एका प्रकाशकाने तो गेम छापून त्यांना दिला.

हे अमेरिकेतल्या लोकांचं झालं. आपण मिरज-मालेगावात बसून काय करणार? आपल्याकडे सेबीने २०१४मध्ये क्राउडफंडिंगवर विचारविनिमयासाठी एक टिपण काढलं होतं, पण ते कंपनीत भागीदारी घेण्याच्या बाबतीत होतं. परदेशी कन्सोलच्या बयाण्याशी त्याचा संबंध नाही. एक मार्ग थोडाफार उपयोगी पडतो. कार्डाने पैसे भरले असतील आणि माल आलाच नाही, तर बँकेकडे चार्जबॅक म्हणजे व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते. पण तिला मुदत असते आणि या मोहिमांत माल द्यायची तारीखच वर्षा-दोन वर्षांनंतरची असते. तोवर मुदत निघून गेलेली असू शकते. शिवाय माल आला तरी कस्टमचा कर वेगळा भरावा लागतो, तो पोस्टमन दारात आल्यावर आठवतो. ऑक्टोबर २०२०पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आपण स्वतः सुरू केल्याशिवाय होत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा हा नियम अनेकांना कटकट वाटतो, आम्हाला मात्र बरा वाटतो. निदान बटण दाबायच्या आधी दोन मिनिटं थांबणं होतं.

त्या वाचकाला आम्ही काय सांगितलं?

नको म्हणून सांगितलं नाही. पैसे त्याचे, हौस त्याची. एवढंच म्हटलं, पैसे भरायच्या आधी बनवणाऱ्याला चार गोष्टी विचार. कवच उघडून, आतलं सर्किट समोर ठेवून, त्यावर कॅसेट खोचून गेम चालताना एकाच सलग व्हिडिओत दाखवाल का? मधे कट नको. आतलं यंत्र नेमकं कोणी बनवलं, आणि त्याने याआधी काय बनवून लोकांना पोचवलंय? पहिल्या दिवशी किती गेम तयार असतील, 'येणार आहेत' ते सोडून? आणि ठरलेल्या तारखेला नाही जमलं तर उरलेल्या पैशांचं काय करणार?

आणखी एक सांगितलं, की ज्यांना या वस्तूंची खरी जाण आहे ते काय म्हणताहेत ते वाच, आणि त्यांच्यावर "जळतात" म्हणून शिक्का मारला जात असेल तर आणखी लक्ष देऊन वाच. मोहीम 'फक्त अठ्ठेचाळीस तास उरले' म्हणून घाई करत असेल तर घाई त्यांची आहे, आपली नाही. वस्तू खरीच निघाली तर सहा महिन्यांनी दुकानातही मिळेल, फार तर दोन-तीन हजार जास्त पडतील. तेवढा फरक आम्हाला महाग वाटत नाही.

मुलाने प्रश्न इंग्रजीत लिहून पाठवले. चौथ्या दिवशी उत्तर आलं: त्याच्या उत्साहाबद्दल आभार मानले होते आणि कवचाच्या तीन नव्या रंगांची चित्रं जोडली होती. व्हिडिओबद्दल शब्द नव्हता. त्याने पुन्हा विचारलंय. वीस हजार अजून त्याच्या खात्यातच आहेत, आणि दरम्यान त्याच्या मामूंच्या घरी माळ्यावर जुना समुराई सापडलाय. अॅडॅप्टर जळालेला आहे, पण कॅसेट चांगल्या आहेत म्हणतो.